पहिला वाटा पायथ्याला

भातसानगरला धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॉटचे वीजगृह आहे. १९९१ पासून ते चालते. मुंबईसाठी सोडलेले पाणी तिथले चक्र फिरवते आणि मग नदीपात्रात उतरते. एकाच पाण्याची दोनदा कमाई होते, आधी विजेची आणि मग पाण्याची. धरण जलसंपदा खात्याचे. वीजगृह महानिर्मिती चालवते. वीज राज्याच्या जाळ्यात जाते, पाणी मुंबई महापालिका घेते. या सगळ्या व्यवहारात, ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्या शहापूरकरांच्या नावावर विजेचा किती वाटा लिहिला आहे?

शून्य. हा आठवडा त्या शून्यासाठी.

आकडे सांगतो, कारण आकड्यांशिवाय बोललेल्या तक्रारीला रडगाणे म्हणतात. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची मिळून साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातले ७,१७,०३७ एकट्या भातसाचे. जवळजवळ निम्मे. तानसा आणि मोडकसागरचे पाणी उताराने शहराकडे जाते. भातसाचे तसे नाही. ते नदीने पिसेच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तिथून पंपांनी उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात न्यावे लागते. पिसेची वीज गेली की मुंबईच्या नळाची धार बारीक होते आणि दुसऱ्या दिवशी ठळक बातमी येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये भातसाच्या वीजनिर्मिती केंद्रात बिघाड झाला, तर मुंबईत १५ टक्के पाणीकपात करावी लागली. विजेशिवाय पाणी नाही, हे शहराला कोणी शिकवायला नको.

शहापूरच्या पाड्यांवर हाच धडा उलट्या बाजूने शिकवला जातो. टाकी बांधली, पाइप टाकला, पंप बसवला, पण बिल थकले म्हणून वीज तोडली. मग उन्हाळ्यात टँकर. म्हणूनच तालुक्यातल्या ९७ गावांसाठी आणि २५९ पाड्यांसाठी आखलेल्या भावली पाणीयोजनेची इतकी आस लागली आहे. घाटावरच्या भावली धरणातून पाणी उताराने खाली यायचे, पंपाचे बिल येणार नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण. ज्या तालुक्याने राजधानीला पाणी दिले, त्याला स्वतःसाठी विजेचे बिल चुकवणारी योजना शोधावी लागते. भावली हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आता तासांचा हिशेब.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि ठाणे अंधारात गेले. कळवा-पडघे या ४०० केव्हीच्या वाहिन्यांवर बिघाड झाला होता. पडघे शहापूरच्या शेजारचे, भिवंडी तालुक्यातले. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर धावत येणारी, १,५०० मेगावॉट आणणारी उच्चदाब एकदिश वाहिनी तिथेच येऊन थांबते. त्या दिवशी लोकल थांबल्या, रुग्णालये जनित्रांवर गेली, चौकशी समिती बसली, काही तासांत महत्त्वाचा पुरवठा परत आला. हे सगळे व्हायलाच हवे होते. शहराच्या घाईबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती पाड्याच्या वाट्याला घाई न येण्याबद्दल. डोळखांबच्या पुढे एखाद्या वाडीची डीपी जळाली, तर ती बदलायला वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांनीच ग्रामीण भागासाठी ४८ तास दिले आहेत. शहरांना त्याहून कमी. म्हणजे उशीर होतो तेव्हा तो बहुतेकदा कोणाच्या आळसाने होत नाही, नियमानेच होतो. आणि ४८ तासही उलटले तर ग्राहकाला भरपाई मिळण्याची तरतूद आहे, हे पाड्यावर क्वचितच कोणाला माहीत असते.

वायरमनला शिव्या घालणे सोपे आहे. भर पावसात, आषाढातल्या वाऱ्यात, एकट्याने डझनभर वाड्यांचे पोल सांभाळणारा माणूस दोषी नाही. त्याच्या जोडीला दुसरा माणूस न देणारे दोषी आहेत.

नवीन जोडणीचेही तेच. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. महानगरात ३ दिवस, नगरपालिका क्षेत्रात ७, ग्रामीण भागात १५, डोंगराळ ग्रामीण भागात ३०. डोंगरात काम अवघड असते हे मान्य. पण महानगराच्या दहापट? सह्याद्रीच्या पायथ्याला राहणाऱ्या कातकरी, ठाकर, महादेव कोळी कुटुंबाने अर्ज केला, तर त्याला नियमानेच महिनाभर मागे ठेवले जाणार. ज्याच्या डोंगराने वीज तयार होते, त्याच्याच डोंगराचे कारण सांगून त्याला वीज उशिरा द्यायची, हे मला पटत नाही.

वीज कायदा, २००३ हा तसा वाईट कायदा नाही. त्याचे कलम ६ वाचा. सर्व भागांत, गावांत आणि वाड्या-पाड्यांतही वीज पोहोचवण्यासाठी राज्य आणि केंद्राने मिळून प्रयत्न करायचे आहेत. पाड्याचा उल्लेख कायद्यात आहे! तरी पाडे वर्षानुवर्षे मागे का राहिले? एक कारण मोजणीत आहे. २००४ पासून, गावातल्या १० टक्के घरांत आणि शाळा, पंचायत, दवाखाना अशा ठिकाणी वीज आली की गावाला विद्युतीकृत म्हणायची मुभा होती. आपल्याकडे महसुली गाव एक आणि त्याला पाडे पाच, सहा, सात. गावठाणात दिवे लागले की अख्खे गाव कागदावर उजळले. २०१७ च्या सौभाग्य योजनेने मोजणी घरावर आणली तेव्हा कुठे पाड्यांकडे मीटर निघाले. तोवर एका पिढीने कंदिलावर अभ्यास केला.

दुसरे कारण म्हणून वनखात्याची परवानगी पुढे केली जाते. इथे वाचकांनी एक गोष्ट गाठीला बांधावी. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयींची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता यांच्या जोडीला विजेच्या तारा स्पष्ट लिहिल्या आहेत. एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटणार नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस, एवढ्या अटींवर ती जमीन देता येते. जंगलातल्या पाड्याला चार पोल टाकायला एवढे पुरते. दिल्लीला जायचे कारण नाही. ‘फॉरेस्टची अडचण आहे’ असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याला हे कलम लेखी विचारा. उत्तरही लेखी मागा.

फुकट विजेबद्दल दोन शब्द. राज्याने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज दिली. पाच वर्षांसाठी. योजना चांगली की वाईट यावर स्वतंत्र लिहिता येईल. पण ती मिळवायला आधी पंप लागतो, पंपाला विहीर लागते, विहिरीला उन्हाळ्यात पाणी लागते. शहापूर-मुरबाडचा भातशेतकरी पावसावर शेती करतो. वरकस जमीन आणि वनपट्टा, यांना कुठला पंप? राज्याच्या तिजोरीतून विजेवर हजारो कोटी जातात आणि ज्या खोऱ्यातून वीज येते तिथल्या बहुतेक घरांना त्यातला रुपया पोहोचत नाही. योजनेची अट वाचली की हा निकाल आधीच कळतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तो भूतकाळाचा नाही, येत्या चाळीस वर्षांचा आहे.

शहापूर तालुक्यात चोंढ्याला, घाटाच्या तळाशी, घाटघर उदंचन प्रकल्पाचा खालचा जलाशय आहे. वरचा घाटघरला, अकोले तालुक्यात. जपानच्या कर्जातून झालेला हा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. याचे काम सरळ आहे. वीज जास्त असते तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवायचे, संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. चार युनिट खर्चून तीनच्या आसपास परत मिळतात. तोट्याचा वाटणारा हा व्यवहार विजेच्या जाळ्याला मात्र हवाच असतो, कारण मागणीच्या वेळचे युनिट मोलाचे असते. दुपारी सौरऊर्जा भरपूर आणि सूर्य मावळला की टंचाई, अशी स्थिती येत चालल्याने देशाला असे प्रकल्प खूप लागणार आहेत. मला ते मान्य आहे. कोळसा कमी करायचा तर विजेची साठवण पाहिजे. सह्याद्रीचा कडा, वर पठार, खाली दरी, मुसळधार पाऊस. याहून चांगली जागा महाराष्ट्रात नाही.

म्हणूनच सगळ्यांच्या नजरा या कड्याकडे लागल्या आहेत. राज्याने डिसेंबर २०२३ मध्ये उदंचन प्रकल्पांचे स्वतंत्र धोरण आणले. मुरबाडमध्ये माळशेज घाटाखाली भोरांड्याजवळ १,५०० मेगावॉटचा प्रस्ताव आहे. आणि भावली, ज्या धरणाच्या पाण्यावर शहापूरच्या पाड्यांनी डोळे लावले आहेत, तिथेही नाशिक आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर १,५०० मेगावॉटचा खासगी प्रकल्प येतो आहे. महावितरणने त्याच्याशी ४० वर्षांचा साठवण करार केला आहे. दर मेगावॉटमागे दर वर्षी सुमारे ८५ लाख रुपये. १,५०० ने गुणा. वर्षाला १,२७० कोटींच्या घरात जाते. हे पैसे शेवटी कोणाच्या बिलातून येणार ते सांगायला नको. त्यात पाड्यावरच्या तीस युनिटवाल्याचे बिलही आले.

आता दोन सरकारी कागद शेजारी ठेवा.

पहिला, केंद्राचे २००८ चे जलविद्युत धोरण. त्यात लिहिले आहे की प्रकल्प ज्या राज्यात होतो त्याला १२ टक्के वीज मोफत. वर १ टक्का वीज स्थानिक क्षेत्र विकास निधीसाठी. आणि प्रत्येक प्रकल्पग्रस्त कुटुंबाला प्रकल्प सुरू झाल्यापासून १० वर्षे, दरमहा १०० युनिट वीज विकासकाच्या खर्चाने. एवढी वीज त्या घराला लागत नसेल तर उरलेल्या युनिटांचे पैसे किंवा वस्तू द्यायच्या. कोणा तरी शहाण्या माणसाने लिहिलेले वाक्य आहे ते. ज्याच्या घरात दोन दिवे आणि एक पंखा आहे, त्याचाही विचार त्यात केला आहे.

दुसरा, केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाची एप्रिल २०२३ ची उदंचन प्रकल्पांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे. उदंचन प्रकल्पांना मोफत विजेचे बंधन नाही. स्थानिक क्षेत्र विकास निधी काढण्याचीही गरज नाही. कारण काय दिले? या प्रकल्पांचा पर्यावरणावर परिणाम अत्यल्प आणि पुनर्वसनाचा प्रश्न नाही. दोन ओळींत एक टक्का संपवला.

मोफत विजेची सूट मला एकवेळ समजते. उदंचन प्रकल्प नव्याने वीज निर्माण करत नाही, साठवतो. साठवलेल्यातून बारा टक्के काढले तर गणित बिघडेल. पण निधी? बोगदे खणणार, स्फोट होणार, डंपर गावच्या रस्त्यावरून धावणार, खालच्या जलाशयासाठी शेत आणि जंगल जाणार, पारेषणाचे मनोरे शेतात उभे राहणार, आणि परिणाम अत्यल्प? हे दिल्लीत बसून ठरवता येत नाही. शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचा काही भागही. १९९६ च्या पेसा कायद्याने इथे जमीन संपादनाआधी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी सल्लामसलत बंधनकारक केली आहे. ज्या ग्रामसभेला विचारायचे कायद्याने ठरले, तिच्या तोंडचा घास मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वाने काढून घ्यायचा, हा अन्याय आहे.

प्रकल्प महाग होतील, असे उत्तर येते. करून बघू हिशेब. एक हजार प्रकल्पग्रस्त कुटुंबे धरा. दरमहा १०० युनिट म्हणजे वर्षाला १२ लाख युनिट. भातसाचे १५ मेगावॉटचे यंत्र पूर्ण क्षमतेने चालले तर तासाला १५ हजार युनिट देते. म्हणजे हजार घरांची वर्षाची वीज ८० तासांत निघते. साडेतीन दिवसांपेक्षा कमी. घाटघरची दोन्ही यंत्रे पूर्ण चालली तर तासाला अडीच लाख युनिट. तिथे हेच काम पाच तासांत होते. एका संध्याकाळची वीज! आणि भावलीच्या करारातल्या वार्षिक रकमेचा एक टक्का काढला तर पावणेतेरा कोटींच्या आसपास रुपये दर वर्षी. तेवढ्यात किती पाड्यांच्या पाणीयोजनांची थकलेली बिले फिटतील, कोणीही जमवून पाहावे. एवढ्याने कोणताही प्रकल्प बुडत नाही.

दुसरे उत्तर असते की जुन्या प्रकल्पांना नवे धोरण लागू होत नाही. भातसाचे काम सुरू झाले तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाही नव्हता. पहिला कायदा १९७६ चा. म्हणजे कायदा नव्हता म्हणून तेव्हा काही मिळाले नाही, आणि आता कायदा नंतरचा म्हणून मिळणार नाही. पण राज्य सरकारचे हात बांधलेले नाहीत. वीज कायद्याच्या कलम ६५ नुसार राज्याला कोणत्याही ग्राहकवर्गाला अनुदान देता येते, रक्कम आगाऊ भरायची एवढीच अट. शेतीपंपांना याच वाटेने सवलत दिली जाते. भातसा, तानसा, वैतरणा, चोंढे या धरणांच्या बाधित कुटुंबांसाठी एक ग्राहकवर्ग करायला कोणत्या नव्या कायद्याची गरज नाही. मंत्रिमंडळाचा एक निर्णय पुरे.

मुंबईच्या विजेसाठी सह्याद्रीने पहिल्यांदा जमीन दिली त्याला शंभर वर्षे उलटून गेली. खोपोलीचे वीजगृह १९१५ चे, टाटांचे. गिरण्या त्यावर चालल्या. मुळशीच्या धरणाला मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून विरोध केला, तुरुंगवास भोगला, धरण झालेच. तेव्हा कायदा परक्या सरकारचा होता, १८९४ चा भूसंपादन कायदा, आणि मावळ्याचे म्हणणे ऐकायला तो बांधील नव्हता. आज पेसा आहे, वनहक्क आहे, ग्राहक हक्क नियम आहेत, नियामक आयोग आहे. आज कारण सांगायला कोणाला जागा नाही.

आयोगाची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. दरवाढीच्या याचिकांवर जाहीर सुनावणी होते, सूचना-हरकती मागवल्या जातात. तिथे उद्योगांच्या संघटना बोलतात, यंत्रमागवाले बोलतात, शेतकरी संघटना बोलतात. धरणग्रस्त म्हणून कोणी बोलले तर तो आवाज नोंदीत येईल, आणि आयोगाला त्याची दखल घ्यावी लागेल. शहापूरच्या तरुण वकिलांनी आणि शिक्षकांनी हे काम अंगावर घ्यावे. हरकत मराठीत लिहिली तरी चालते.

शहापूर-मुरबाडच्या सरपंचांना, पेसा समित्यांना आणि प्रत्येक मतदाराला विनंती आहे. येत्या ग्रामसभेत तीन ओळींचा ठराव करा. एक, आमच्या हद्दीत येणाऱ्या प्रत्येक उदंचन प्रकल्पाने उत्पन्नाचा किमान १ टक्का ग्रामसभांच्या निधीत द्यावा, आणि ही अट राज्याच्या धोरणात लिहिली जावी. दोन, नव्या-जुन्या सर्व धरणांच्या बाधित कुटुंबांना दरमहा १०० युनिट वीज मिळावी. तीन, या अटी लेखी मान्य होईपर्यंत जमिनीच्या सल्लामसलतीत ग्रामसभेचे मत ‘नाही’ असे नोंदवावे. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, जलसंपदा खात्याला आणि वीज नियामक आयोगाला पाठवा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.